घुमटाचा डावा अर्धा
जुन्या पुस्तकातून पिवळं पडलेलं पंचकार्ड, भोकं पाडून कॉम्प्युटरला माहिती द्यायचं ते जुनं कार्ड, घसरलं आणि नागपूरच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची थंडगार खोली आठवली. कॉम्प्युटरकडून घुमटाचं चित्र काढून घेण्यासाठी त्याचे त्रिकोण मी आणि माझ्या मित्रानं वाटून घेतले होते; एका त्रिकोणाचं एक कार्ड. डावा अर्धा मी पंच केला, उजवा त्यानं, मधल्या शिवणीचे बिंदू दोघांचे सारखे. मी तापानं घरी असताना त्यानं दोन्ही अर्धे जोडले. परतलो तर चित्र फलकावर, खाली त्याचं एकट्याचं नाव. “काहून चिडून राहिला गा? जोडलं त मीच ना!” तो म्हणाला. इतक्यात सर आले. चित्रात डावीकडे एक त्रिकोण गायब होता. “हे भोक कोणाचं?” तेव्हा मात्र त्यानं लगेच माझं नाव घेतलं. चुकलेलं कार्ड सरांनी माझ्या हातात ठेवलं. तेच हे, अजून फेकवत नाही.