सासूबाईंचा संशय आणि माझ्या रक्तातले धागे

गिरण्यांच्या संपातला दुसरा गणपती. सकाळी लालबागच्या आमच्या खोलीत मोदकांसाठी नारळ खवायचे होते आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते... मांड्या, कंबर, दंड, जिथे हाड तिथे कळ.

सासूबाई दारातून बघत होत्या. ताप नाही, जखम नाही... आणि दोन-तीन दिवसांत मी आपोआप उठून कामाला लागणार, हे त्यांना पाठ झालं होतं. त्यांच्या मते हे शुद्ध नाटक होतं.

तसे त्या दिवसांत चाळीत सगळेच सगळ्यांवर डोळा ठेवून होते. कोण मागच्या गेटने गुपचूप कामावर जातो, कोणाच्या घरी अचानक मटण शिजतं... माझे सासरे आणि नवरा दोघेही गिरणीतले, दोघेही घरी बसलेले. त्यात मी चंद्रपूरकडची, लव्ह मॅरेज करून मालवणी घरात आलेली. संशयाला आणखी काय लागतं?

या वेळी सासूबाईंनी जाहीरच केलं, की डॉक्टरने 'काही नाही' म्हटलं की हिला माहेरी पोचवायचं. कायमचं. मला धडकी भरली, कारण आजवर प्रत्येक डॉक्टरने 'काही नाही' असंच म्हटलं होतं.

दीड दिवसाचा गणपती पोचवून आम्ही परळच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. सासूबाई स्वतः सोबत आल्या... काळजीने नव्हे, मला रंगेहाथ पकडायला, याबद्दल माझी खात्री होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "नेमकं कधी कधी दुखतं?" मी गोंधळले. नवरा बिचारा माझ्यावर विश्वास ठेवणारा, तो म्हणाला, "असंच... अधूनमधून."

"अधूनमधून खंय!" सासूबाई पुढे सरकल्या. "माका इचारा, डॉक्टर. हरताळकेचो उपास धरता, दिवसभर पाण्याचो थेंब घेणा नाय, की दुसऱ्या दिवशी लोळता. थंडीत नळार कपडे धुवन इली की लोळता. ताप येवन गेलो की लोळता. कामाच्या येळार बरोबर दुखता हिचा!"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "परत सांगा," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी परत सांगितलं, आणखी जोरात... मला वाटलं, संपलं सगळं. पण बाईंनी मला माहेर कुठलं ते विचारलं, डोळ्यांचा पिवळेपणा बघितला आणि रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला. सिकल सेल... आमच्या चंद्रपूरकडे बऱ्याच घरांत आढळणारा रक्ताचा आजार.

बाईंनी सासूबाईंनाच समोर बसवून समजावलं. रक्ताच्या लाल पेशींत ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. माझं जन्मापासूनच वेगळं, आई आणि वडील दोघांकडून आलेलं. ऑक्सिजन सोडून दिला की त्याचे कण एकमेकांना चिकटत जातात आणि पेशीच्या आत लांब, ताठ धागे तयार होतात... मऊ गोल पेशी त्या धाग्यांनी विळ्यासारखी वाकते, बारीक नसेत अडकते, आणि पुढे रक्त पोचलं नाही की हाडं ठणकतात.

अंगातलं पाणी कमी झालं की पेशीत दाटी होते आणि धागे भराभर बनतात. म्हणजे हरताळका. म्हणजे ताप. थंडीत नसा आवळतात, म्हणजे नळावरचे कपडे... पुन्हा ऑक्सिजन मिळाला की धागे सुटतात, पेशी परत गोल होते.

सासूबाईंना तिथेही संशय आलाच. "धागे जर आपसूक सुटतत, तर औषध कित्याक?"

"दरवेळी सुटतीलच असं नाही, आजी. काही पेशी कायमच्या वाकड्या राहतात. एखाद्या वेळी जिवावर बेतेल."

सासूबाईंनी औषधांची चिठ्ठी उचलून स्वतःच्या कनवटीला खोचली. मला तर त्याचीच जास्त भीती वाटली.

पण माहेरी पोचवायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या हरताळकेला चाळीतल्या बायका जमलेल्या असताना त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. कोणीतरी कुजबुजलं. "यंदा दोघींचो उपास मी एकटीन धरलंय," त्या कडाडल्या, "कोणाक काय बोलाचा हा?" आणि मी पाणी खरंच पितेय ना, तेही डोळे बारीक करून बघत राहिल्या.

आज साठी ओलांडून मी ही पोस्ट लिहितेय... सासूबाई आता नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. पण मला नेमकं कधी दुखतं, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.