बारखालची दोन बोटं

जिममध्ये एक खोटं सगळेच बोलतात, आणि त्याला खोटं कुणी म्हणत नाही. बेंचवर उताणा पडलेला माणूस छातीवरचा बार वर ढकलत असतो. वजन अंगावर पडू नये म्हणून दुसरा त्याच्या डोक्याशी उभा असतो. बार मध्येच अडला की हा उभा असलेला वाकतो, बारखाली दोन बोटं घालतो आणि ओरडतो, "तुझंच हाय, तुझंच हाय! मी हात बी लावला न्हाय!" बार वर जातो. पडलेल्याला वाटतं, आपणच मारला. बेळगावच्या अनगोळात पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची जिम आहे, तिथं रोज संध्याकाळी हे वीसपंचवीस वेळा तरी चालतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी ते माझ्या थोरल्या भावाशी सात महिने केलं.

अण्णा बावन्न वर्षांचा. येळ्ळूरहून रोज उद्यमबागेत जातो, एका कारखान्यात टर्नर आहे. चाळिशी उलटल्यावर लोक गुडघ्याला तेल लावायला लागतात, हा बेंच प्रेसच्या स्पर्धांना जायला लागला. निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, जिथं बोर्ड लागेल तिथं. वजन त्र्याहत्तर किलो आणि मारायचा एकशे वीस. मिळालेल्या ढाली टीव्हीच्या डोक्यावर मांडून ठेवल्यात, वहिनी दर दिवाळीला त्या पुसताना त्याला दोन शब्द ऐकवते. माझं काम पिशवी धरायचं. मनगटाच्या पट्ट्या, कंबरेचा पट्टा, केळी, पाण्याची बाटली. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, स्वतः ऐंशीच्या वर कधी गेलो नाही आणि त्याची मला लाजही वाटली नाही. घरात एक पैलवान पुरे.

मग त्याच्या मानेत गाठ आली. बेळगावच्या दवाखान्यात तपासलं, तर तीच निघाली जी निघू नये. सहा महिने सलाईनमधून औषध चढवलं. केस गेले, जेवणाची चव गेली, नऊ किलो वजन गेलं. अण्णानं आजाराचं नाव कधी उच्चारलं नाही, अजून उच्चारत नाही. 'ती गाठ' म्हणतो. उपचार संपल्यावर डॉक्टर म्हणाले, आता हलका व्यायाम करायला हरकत नाही. अण्णाच्या भाषेत हलका म्हणजे पन्नास किलो. पहिल्याच दिवशी त्यानं पन्नास लावायला सांगितलं.

पन्नास त्याच्या छातीवरून वीतभर वर आलं आणि थांबलं. मी बार उचलून जागेवर ठेवला. अण्णा उठला नाही. वर पंखा फिरत होता, त्याकडं बघत पडून राहिला. शेजारी पोरं गाणी लावून हसत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "संपलं रं माझं."

सहा महिन्यांच्या औषधात तो एकदाही असं बोलला नव्हता. ओकाऱ्या झाल्या तेव्हा नाही, केस हातात आले तेव्हा नाही. मी म्हटलं, "अण्णा, आज पोट रिकामं हाय तुझं. एक येळ परत बघू." त्यानं परत बार घेतला. या वेळी अडायच्या आधीच माझी दोन बोटं बारखाली होती. बार वर गेला. "तुझंच हाय!" मी ओरडलो. अण्णा उठून बसला, हाताकडं बघितलं आणि हसला. त्या रात्री तो दोन भाकरी जेवला, हे वहिनीनं मला दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन करून सांगितलं. आता सांगा, तिसऱ्या दिवशी मी बोटं काढून घ्यायची कशी?

घेतली नाहीत. पन्नासचे साठ झाले, साठचे सत्तर. अण्णाची ताकदही वाढत होती, ते काही खोटं नव्हतं, पण त्याची हाव तिच्या पुढं धावायची आणि मधलं अंतर मी भरून काढायचो. दोन बोटांची चार झाली. नंतर तर बारखाली अख्खा तळवाच असायचा. पडलेल्या माणसाला छताशिवाय काही दिसत नाही, दम कोंडलेला असतो, जोर लावताना डोळे मिटतात. मला इतकं वजन रोज ओढावं लागायचं की माझेच दंड भरले. एकदा वहिनी जेवायला वाढताना म्हणाली, "काय भावजी, व्यायाम ह्यांनी करायचा आणि अंगाला तुमच्या लागतोय व्हय?" अण्णा हसला. मीही हसलो.

आणखी एक सांगायला हवं, ते सांगायला बरं वाटत नाही. मला ते आवडायला लागलं होतं. लहानपणापासून अण्णा पुढं आणि मी मागं. त्यानं मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडलं, विहिरीत पोहायला शिकवलं, माझ्यासाठी मारामाऱ्या केल्या. आता तो खाली पडलेला आणि त्याचं वजन माझ्या हातात. त्याला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. दया म्हणून सुरू केलेल्या गोष्टीत हे कधी मिसळलं ते मला कळलं नाही. पण मिसळलं होतं.

एका संध्याकाळी अण्णानं 'ब्याण्णव' मारले. दुसऱ्या दिवशी त्यानं निपाणीच्या स्पर्धेत नाव दिलं, मला न विचारता. पन्नाशीच्या वरच्यांचा गट होता. नव्या मनगटपट्ट्याही आणल्या. "नुसतं जाऊन यायचं रं," मला म्हणाला, "लोकास्नी दिसू दे, अजून हाय म्हणून." तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हापासून स्पर्धेपर्यंत अकरा दिवस होते, मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी त्याच्या डोक्याशी जाऊन उभा राहायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती निपाणीत उघडणार हे मला दिसत होतं, तरी मी मूठ आवळूनच बसलो.

निपाणीला आम्ही सकाळच्या बसनं गेलो. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आधी वजन करतात. अण्णा काट्यावर उभा राहिला, पासष्ट किलो चारशे ग्रॅम. "एवढा हलका मी दहावीत हुतो," तो म्हणाला आणि शर्ट घालायला वळला. मग कार्ड भरायचं होतं. प्रत्येकाला तीन संधी असतात आणि पहिली कितीची घेणार ते आधी लिहून द्यावं लागतं. यातला मुद्दा असा, की एकदा त्या आकड्याला हात घातला की पुढच्या दोन संधींत वजन वाढवता येतं किंवा तेवढंच ठेवता येतं. कमी करता येत नाही. म्हणून जाणकार माणूस पहिला आकडा नेहमी हलका लिहितो. पेन माझ्या हातात होतं.

"नव्वद लिही," अण्णा म्हणाला.

"सत्तर लिहू या की. पयलं सोपं असलेलं बरं."

"सत्तर? वेडा हायेस काय? परवा ब्याण्णव मारलंय, तूच हुतास की."

मीच होतो. नव्वद लिहिलं. सुरुवात व्हायच्या थोडं आधीपर्यंत आकडा बदलून मिळतो, म्हणून मी एकदा टेबलापर्यंत गेलोही. तिथल्या माणसानं कन्नडमधून विचारलं, काय पाहिजे? मी म्हणालो, पाणी. पाणी पिऊन परत आलो. असा मी शूर.

व्यासपीठावर बारजवळ उभी राहणारी माणसं आयोजकांची असतात. मला खाली, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेजवळ थांबावं लागलं. आणि तिथं बार छातीवर टेकवून पंचाचा हुकूम येईपर्यंत तसाच धरायचा असतो, उसळी घ्यायची सोय नाही. कन्नडमधून आणि मग मराठीतून अण्णाचं नाव पुकारलं. तो चढला, पडला, बार छातीवर आणला. पंच म्हणाला, "प्रेस." बार चार बोटं वर आला आणि अडला. त्या क्षणी अण्णानं डोळे वर करून डोक्यामागं बघितलं. तिथं मी नव्हतो. "हिडी, हिडी!" म्हणजे धर, धर म्हणत दोघा कन्नड गड्यांनी बार धरून उचलला. तिन्ही पंचांनी लाल झेंडे वर केले.

खाली आल्यावर तो म्हणाला, "हुकूम उशिरा दिला त्यानं." मी मान हलवली. दुसऱ्या संधीत हुकूम वेळेवर आला, आणि बार तिथंच अडला, चार बोटांवर. पुन्हा लाल.

अण्णा येऊन माझ्या शेजारी खुर्चीवर बसला. घाम पुसला. बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, माझ्या हातांकडं बघत होता. मी ते मांडीखाली घातले.

"नव्वदातलं तुझं किती?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "ईस असतील."

"असतील म्हंजे?"

"कधी पंचवीस."

"आणि हे कवापास्नं?"

"पयल्या दिसापास्नं."

तिसऱ्या संधीला त्याचं नाव पुकारलं. मी दंड धरला त्याचा. म्हणालो, "अण्णा, सोड. खांदा दुखतोय म्हणून सांगतो मी त्यांना." त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि वर गेला. वजन कमी होणार नव्हतं, त्याला ठाऊक होतं. आपल्याच्यानं ते उठणार नाही, हेही आता ठाऊक होतं. "प्रेस," पंच म्हणाला. बार दोन बोटं वर आला. आधी चार बोटं आला होता, आता दोनच. गड्यांनी बार उचलून घेतल्यावरही अण्णाचे हात थोडा वेळ वरच राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वयाचा मान म्हणून. त्या टाळ्या मला सोसवल्या नाहीत. मी पिशवी आवरायला लागलो.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर मागं पडलं. मग त्यानं पिशवीतलं केळं काढलं, अर्धं मला दिलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू वाईट चितलं न्हाईस, मला कळतंय. पर आता माझं मला कळंना, अंगात खरं किती हाय ते." मी केळं हातात धरून बसलो. घाट उतरेपर्यंत ते काळं पडलं.

त्यानंतर अण्णा पहाटेच्या बॅचला जायला लागला. मला संध्याकाळचीच वेळ जमते, हे त्याला माहीत आहे. घरी गेलो तर नीट बोलतो, पोरांची चौकशी करतो, जेवून जा म्हणतो. भांडण नाही, अबोला नाही. वहिनीला अजून काही कळलेलं नाही. तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "पहाटे गर्दी कमी असती."

गेल्या महिन्यात त्याची तीन महिन्यांची तपासणी होती. उपचार संपल्यापासून आमची एक रीत पडून गेली आहे. अण्णा बाहेर बाकावर बसतो, मी फाईल घेऊन आत जातो, डॉक्टर काय ते मला सांगतात आणि मी बाहेर येऊन त्याला सांगतो. "मला त्यातलं कायबी सांगू नगंस, बरं हाय का न्हाय तेवढंच सांग," असं त्यानं पहिल्याच वेळी बजावलं होतं. तीन वेळा मी बाहेर येऊन म्हणालो, "सगळं बरं हाय." तिन्ही वेळा ते खरं होतं. देवाच्या कृपेनं मला तिथं खोटं बोलायची पाळीच आली नाही.

या वेळी आमचा नंबर आला तसा मी फाईल घेऊन उठलो. अण्णानं हात पुढं केला.

"आण इकडं. तू बस."

"अण्णा, मी जातो की."

"मागल्या येळी बरं हाय म्हणालास, ते बरंच हुतं न्हवं?"

"आईशपथ, खरं हुतं."

बाकावरच्या दोन बायकांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्यानं मी ते बोललो. अण्णानं माझ्याकडं बघितलं. त्याला विश्वास ठेवायचा होता, ते मला दिसलं. त्याला तो ठेवता येत नव्हता, तेही दिसलं. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

मी बाकावर त्याच्या जागेवर बसलो. तिथं बसून किती जीव जातो हे मला तोवर माहीत नव्हतं. समोर औषधांची जाहिरात होती, ती मी पंधरा वेळा वाचली. मला मोजता आली नाहीत इतकी मिनिटं गेली. नेहमी मला आत एवढा वेळ लागत नाही.

अण्णा बाहेर आला तेव्हा फाईल त्यानं पिशवीत घातलेली होती आणि पिशवीची चेन ओढलेली होती.

"काय म्हणाले?"

"सगळं बरं हाय," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चल, च्या पिऊ."

आवाज मोकळा होता, चेहरा हसरा होता. सात महिने रोज संध्याकाळी मी त्याच्या डोक्याशी उभा राहून ज्या आवाजात ओरडायचो, अगदी तसा. बरं असेलच. पण तो ते खरं सांगत होता की मला सोसवावं म्हणून सांगत होता, हे मला अजून कळलेलं नाही. फाईल दाखव म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही.