शमीमचा लहान होत गेलेला डबा

भावाच्या गावात मोबाईलला रेंज नसते. वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर आलं की मग तो जिवंत होतो. त्या दिवशी जीपमधून उतरले, नसरापूरची गाडी लागलेलीच होती, आणि पर्समधला मोबाईल एकदम वाजायला लागला. युसूफभाई. शमीमचा नवरा मला कधी फोन करत नाही, काही निरोप असला तर शमीमच करते, त्यामुळे नाव बघितलं आणि मी फोन उचलायच्या आधीच खाली बसले, तिथंच फरशीवर, शेंगावाल्या बाईच्या पाटीशेजारी. ते एवढंच म्हणाले, "कुसूमताई, तुमी कुठं हायसा?" मी म्हटलं, वेल्ह्यात. मग त्यांना पुढं बोलता येईना आणि मलाही विचारायचं काही उरलं नव्हतं. आदल्या दिवशी तिनंच मला हाकललं होतं. भावाकडं देवाचं कार्य होतं, मी जायला का-कू करत होते, तर म्हणाली, "जा गं बाई, येक दिवस न्हाई आलीस म्हणून मी काय मरत न्हाई." असं बोलून ठेवलं आणि… इतके दिवस झाले, अजून मला तिच्या त्या बोलण्याचा राग येतो.

वेल्ह्याहून भोर काही फार लांब नाही, पण नसरापूरला गाडी बदलावी लागते आणि त्या दिवशी भोरची गाडी येता येईना. त्यांच्यात दफन लवकर करतात हे मला माहीत होतं. मी फाट्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोला हात करत होते, शेवटी एका शेअर रिक्षात सहा माणसांत सातवी होऊन बसले. पोचले तर दारात ही गर्दी, जनाजा तयार, आणि एक वयस्कर गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते. युसूफभाई उंबऱ्यात उभे. आयुष्यात कुणाला उलट शब्द न बोललेला तो माणूस त्या दिवशी सगळ्यांना म्हणाला होता, "कुसूमताईंचं बघणं झाल्याबिगर उचलायचं न्हाई." मला हे नंतर कळलं. बायकांनी मला आत नेलं, तोंडावरचं कापड बाजूला केलं. एवढीशी झाली होती. मी तिला हाक मारली, रोज दुकानाचं शटर उघडताना मारायची तशी, जरा रागानंच. मग बायकांनी मला धरून बाजूला नेलं.

शमीम आत्तार म्हणजे भोरमधल्या आमच्या अक्षरजुळणीच्या दुकानाची मालकीण. मूळ छापखाना तिच्या वडिलांचा. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि छापायचे, असा जुना. भोर आणि वेल्हे तालुक्यातल्या लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, कुस्त्यांच्या जाहिराती, सगळं अब्बांच्याच हातून जायचं. मी मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन सरकारी नोकरीची वाट बघत घरी बसले होते, त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची गोष्ट. शमीम घरी आली आणि म्हणाली, तुला टाइप येतं ना, मग उद्यापासून ये. गेले तर टाइपरायटर नव्हताच. टेबलावर एक भुरकट रंगाचा उभट डबा होता, कॉम्प्युटरचा. त्यातच पडदा, त्यातच सगळी यंत्रं. पडदा शाळेच्या पाटीपेक्षा लहान आणि काळा-पांढरा. वर हात घालून उचलायला खाच. पुण्यातल्या एका जाहिरातवाल्यानं नवं मॉडेल घेतलं म्हणून जुनं काढलं, आणि हिनं ते स्वारगेटपासून भोरपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आणलं, चादरीत गुंडाळून. कंडक्टरनं विचारलं म्हणे, बाळाला एवढं झाकलंय, ताप आहे का. ही गोष्ट तिनं भोरमध्ये कुणाला सांगायची ठेवली नाही. मला मात्र तो डबा मुळीच आवडला नव्हता. एक फ्लॉपी घाल, ती काढ, दुसरी घाल, पुन्हा पहिली मागायचा. पोटात काही ठरायचंच नाही. मी म्हणायचे, याच्यापेक्षा माझी सासू बरी, तिला सकाळी सांगितलेलं निदान संध्याकाळपर्यंत तरी आठवतं.

शमीमला तो का हवा होता, ते मला हळूहळू कळलं. अब्बांचे खिळे झिजले होते, नवे मिळत नव्हते, आणि कॉम्प्युटरवर जी तयार मराठी अक्षरं मिळत ती तिला बघवत नसत. उपाशी माणसाच्या बरगड्या दिसतात तशी दिसतात, म्हणायची. अब्बांची अक्षरं कशी, पोट भरलेली, ऐसपैस. तर हिनं ठरवलं, खिळे मोडीत जायच्या आत अब्बांचं एकेक अक्षर या डब्यात काढून ठेवायचं. एक खिळा डाव्या हातात, उजव्या हातात माऊस, आणि त्या वीतभर पडद्याला नाक लावून बाई बसायची. पत्रिकांची कामं मी करायची आणि ही गिरवत राहायची. पुष्कळ आठवड्यांनी एकदाची स्वर आणि निम्मी व्यंजनं झाली, तेव्हा तिनं मोठ्या थाटात पहिला कागद काढला आणि अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी चष्मा लावला, घडाघडा वाचून दाखवलं, म्हणाले, झकास आलंय. मी चहा घेऊन आले, कागदाकडं बघितलं… आणि मला एक अक्षर वाचता येईना. सगळी उलटी होती, आरशात दिसावीत तशी. खिळ्यावर अक्षर उलटंच असतं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. हिनं खिळा बघून तसंच्या तसं काढलेलं. शाळेत जायच्या आधी अब्बांच्या मांडीवर बसून खिळ्यांवरच अक्षरं शिकलेली पोर, तिच्या डोळ्याला उलटं तेच सुलटं, आणि बापाचं तर विचारूच नका. मी म्हटलं, "अगं, ही उलटी आहेत सगळी." तर दोघं बापलेक माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मलाच काहीतरी झालंय. मग शमीमच्या ध्यानात आलं. हसता हसता ती खाली बसली, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. डब्यात एक आज्ञा होती, ती दिल्याबरोबर सगळी अक्षरं एका क्षणात कूस बदलून सुलटी झाली. अब्बा पडद्याकडं बघून म्हणाले, आता खिळे द्या मोडीत. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

त्यानंतर तो डबा बनवणाऱ्या कंपनीचं आणि शमीमचं जे चाललं ते एखाद्या सासर-माहेरासारखं. पुण्याचा विक्रेता फोन करायचा, ही भांडत भांडत ऐकायची आणि शेवटी घ्यायचीच, बहुतेक वेळा कुणाचं तरी वापरलेलं. दुसरा डबा दिसायला पहिल्यासारखाच, पण त्याच्या पोटात सगळं साठायचं, तेव्हा माझा जाच संपला. मग कंपनीनं ते छोट्या पडद्याचे डबे बनवायचेच बंद केले. नंतर आला निळा, गोलमटोल, आरपार दिसणारा. शाळा सुटली की पोरं दाराशी यायची, त्याच्या आतल्या तारा बघायला. त्याला फ्लॉपीची फट नव्हती. शमीमनं चहूबाजूंनी बोट फिरवून बघितलं आणि मला म्हणाली, "ही लोकं दरवेळी काहीतरी काढून टाकत्यात आणि म्हणत्यात, बघा आता कसं छान झालं." शेवटी दोन-अडीच वर्षांपूर्वी आला तो चौकोनी. पेढ्यांच्या बॉक्सएवढा. पडदा नाही, की-बोर्ड नाही, नुसता डबा. पडदा आपला आपण लावायचा. विक्रेता कौतुकानं सांगत होता आणि शमीम विचारत होती, मग उरलं काय. पण तिनं तो हातात घेतला तेव्हा मी तिचं तोंड बघितलं होतं, आवडला होता.

फक्त त्याच्यात अब्बांची अक्षरं चालेनात. नव्या डब्याची मराठीची रीतच वेगळी होती. मूळ काढलेली अक्षरं फ्लॉप्यांवर, आणि फ्लॉप्यांना आमच्याकडच्या पावसाळ्यांनी बुरशी धरलेली. जुन्या डब्याचा पडदा कधीच गेला होता. राहिले होते ते फक्त छापलेले कागद. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा, एकेक अक्षर नव्यानं काढायचं. आणि त्याच सुमाराला तिच्या छातीत गाठ निघाली. निघाली म्हणजे, मला तेव्हा कळली. तिला आधीपासून माहीत होती. लगीनसराई चालू आहे, पत्रिका अडतील, संपली की दाखवू, असं हिनं स्वतःशी ठरवून टाकलं. लोकांच्या लग्नांसाठी… कुणाच्या मांडवात हिचं काय अडलं होतं? मी तिला वाट्टेल ते बोलले. ती खालमानेनं ऐकून घेत राहिली, आणि तिचं ते ऐकून घेणंच मला सहन झालं नाही. पुण्यात ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. मी भेटायला गेले, तर खाटेवरून हीच म्हणाली, "माझं बी नवीन मॉडेल आलं बघ. काढलं थोडं, पण चालतंय." मी हसले आणि बाहेर जिन्यात जाऊन रडले.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग दुखणं हाडात उतरलं आणि तिला दुकानात येता येईना. एके दिवशी मला जवळ बसवून म्हणाली, "मी गेले तर गेले. पण जायच्या आत अब्बांची अक्षरं ह्या डब्यात बसली पायजेत." दुसरं तिला काही नको होतं. म्हणून मग आमचं ठरून गेलं. सकाळी दुकानात पत्रिका, आणि दुपारी तो डबा वायरींसकट भाजीच्या पिशवीत घालून मी मागच्या गल्लीत तिच्या घरी घेऊन जायची. पडदा एक तिच्या खाटेशीच आणून ठेवला होता. लोडशेडिंग सांभाळून बसायचो. त्या कंपनीवर मी जन्मभर चिडले, पण तो डबा पिशवीत मावण्याएवढा केला त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सुरुवातीला ती स्वतः काढायची. मग हात सुजून जड झाला, माऊस हलेना, तेव्हा मी काढायला लागले आणि ती पडल्या पडल्या सांगायला लागली. वर घे… अजून… पोट जरा सुटू दे… न्हाई, पुन्हा. दिवसभरात मी ते 'पुन्हा' किती वेळा ऐकत असेन. एकदा वैतागून म्हटलं, बाप तुझा, अक्षरं त्याची, मला का छळतेस? तर डोळे मिटूनच म्हणाली, "माझ्या बापाचीच हायेत. पण आता तुझ्या हातात ऱ्हाणार हायेत, म्हणून छळते."

जोडाक्षरंसुद्धा झाली. एक ळ तेवढा तिनं शेवटाला ठेवला होता. अब्बांच्या ळची दोन पोटं सारखी नव्हती, एक जरा लहान होतं, आणि आमच्याकडच्या सगळ्या कागदांवर नेमका तोच शाई भरून गिचमिड झालेला. तो कसा होता ते फक्त तिच्या डोक्यात होतं. भावाकडं जायच्या आदल्या दुपारी मी म्हटलं, होऊन जाऊ दे तेवढा. ती दमली होती. म्हणाली, तू येशील तवा करू.

मागच्या महिन्यात युसूफभाई दुकानात आले. शमीमला जाऊन चाळीस दिवस होत आले होते, चाळिसाव्याच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या, आणि मला त्रास नको म्हणून पुण्याहून करून आणू का, असं विचारत होते. मी म्हटलं, खुळे आहात का तुम्ही? त्यांना शेजारी स्टुलावर बसवलं आणि टाइप करायला घेतलं. तिचं नाव आलं, अब्बांच्या अक्षरांत, ऐसपैस, जसं तिला हवं होतं तसं. पहिल्यांदाच त्या डब्यातून या अक्षरांत काही छापलं जाणार होतं, आणि ते हे. पुढं चाळिसावा लिहिलं, तर 'चा' आणि 'सावा'च्या मध्ये एक रिकामा चौकोन आला.

मग मी ळ काढायला बसले. एक पोट मोठं, एक लहान, एवढंच मला माहीत होतं. किती लहान ते नाही. काढला, पुसला, काढला. शेवटी एक जरा बरा वाटला. मी युसूफभाईंना विचारलं, बरोबर आलाय का हो? त्यांनी पडद्याजवळ वाकून बघितलं. "मला काय त्यातलं कळतंय, ताई," ते म्हणाले, "वाचाया येतंय." मी माऊसवर हात ठेवून तशीच बसले, खाटेकडच्या बाजूला कान देऊन. दुकानात खाट नाही, हे मला कळत होतं. पुन्हा, असं कुणी म्हणालं नाही. मग मी ते छापायला सोडलं.