थांबलेलं दुखणं

नळ तुंबला की आधी आत काय अडकलंय ते बघायचं, मगच पाणी सोडायचं, हे नळवाला गिऱ्हाइकांना दरडावून सांगायचा. स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र त्याने ही अक्कल गहाण ठेवली होती.

गेल्या वर्षी उजव्या कुशीत कळा आल्या, तेव्हा डॉक्टरांनी मुतखडा सांगितला, दुर्बिणीने काढू म्हणाले. दुर्बीण हा शब्द ऐकूनच हा पळाला आणि घरी येऊन जवाचं पाणी ढोसत बसला. महिन्याभरात दुखणं गायब! मग काय, गडी भेटेल त्याला वैद्यकी शिकवत सुटला. शेजारच्या शिंप्यालाही तोच त्रास होता. त्याला तर याने स्वतः जव आणून दिले.

आता डावी कूस धरली होती. कालपासून तांब्यामागून तांबे पोटात जात होते आणि बाहेर थेंब नाही. पाय सुजले, अंगात ताप भरला. मोरीत भिंतीला कपाळ टेकून उभ्या असलेल्या नळवाल्याची पाचावर धारण बसली होती.

"अहो, झाली का?" बायकोने दाराबाहेरून विचारलं.

"होईल गं. अजून एक तांब्या दे."

"तुंबलेल्या नळात वरून पाणी ओतता का कधी? मुकाट्याने बाहेर या!" चप्पलही न घालू देता तिने त्याला रिक्षात कोंबलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि लगोलग डाव्या बाजूला नळी घातली. पिशवीत लघवी उतरू लागली तसा बायकोचा जीव भांड्यात पडला. त्याचाही पडला असता.

"हे एकच मूत्रपिंड उरलंय तुम्हाला," बाई म्हणाल्या. "उजवं कधीच निकामी झालंय."

"पण बाई, ते तर दुखायचं थांबलं होतं!"

"खडा तिथेच आहे. तुंबून तुंबून मूत्रपिंडाने काम सोडलं, म्हणून दुखणं थांबलं."

नळवाल्याला एकदम शिंपी आठवला. परवाच मशीनवरून मान वर करून तो हसला होता, "तुमच्या पाण्याने कमाल केली बुवा, दुखणं पार गेलं!"

"अगं," त्याने बायकोचं मनगट घट्ट धरलं, "शिंप्याला फोन लाव. बरं वाटतंय म्हणाला तर मुळीच ऐकू नकोस. आत्ताच्या आत्ता त्याला इथे बोलाव."