दोषाचा रकाना

देवीलाल राठोड दारव्ह्याच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होता आणि मी तिथेच इतिहास शिकवायचो. बाटलीवर लेबल नसलं की त्याला जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाला, बाटल्या संपल्या, तेव्हा त्याने आपल्या तांड्यातले ढावले धरले. ढावलो म्हणजे बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणते ते गाणं. लग्न कुणाचंही असो, हा मोबाइल घेऊन नवरीजवळ उभा. बायका हाकलायच्या, मग दोन पावलं मागे सरायचा.

हे सगळं त्याने लॅपटॉपवर एका विकीत, म्हणजे पानं जोडत जायच्या वहीसारख्या सोयीत, ठेवलं. विकी फक्त त्याच्यापुरतं. एका ढावल्याला एक पान, आणि पानाला आपल्याला हवे ते रकाने जोडायचे. त्याने जोडले गाणारी, तांडा, साल आणि दोष. दोष म्हणजे आवाज भरताना काय बिघडलं ते, बँड, वारा, कुत्रं, काहीही. रकान्यावर फिल्टर लावला की हवी तेवढीच पानं समोर येतात. हे त्याने मला निदान वीसदा दाखवलं असेल. हौसेला मोल नाही म्हणतात, माझ्या वेळेलाही नव्हतं.

गेल्या होळीला तांड्यातली बिजलीबाई वारली. महिन्याभराने तिची मुलगी उर्वशी घाटंजीहून देवीलालकडे आली, तेव्हा मी ओसरीवर चहा पीत होतो. फोनमध्ये आईचे फोटो ढीगभर आहेत पण आवाज एकही नाही, असं तिने सांगितलं. आई तर प्रत्येक लग्नात पुढे असायची, तेव्हा काकांकडे ती कुठे ना कुठे असणारच.

देवीलालने ऐटीत फिल्टर लावला, गाणारी बिजलीबाई. एकही पान आलं नाही. मग नुसता तांडा लावला. एकतीस पानं आली आणि गाणाऱ्या एकतीस नवऱ्या. तुझी आई कधी गायलीच नाही, असं त्याने सरळ सांगून टाकलं. मला त्याचा राग आला. पोरगी एवढ्या लांबून आलेली, तिला असं तोंडावर सांगतात का?

उर्वशी मात्र उठली नाही. दोघं आपसात बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलत होते, मी बसलेला म्हणून ती वऱ्हाडीवर आली.

"थे गाईल कायले, काका? थे तर सांगे. नवरी रडता रडता अटकली का मांगून पुढचा बोल द्याची."

देवीलालने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. मग त्याने फिल्टर बदलला. आता दोषाच्या रकान्यात 'बाई' हा शब्द शोधला. तेरा पानं आली. प्रत्येकावर त्यानेच लिहिलं होतं, मागून एक बाई बोलते. इतकी वर्षं तो ज्या आवाजावर चिडत होता, तो बिजलीबाईचा होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पहिलं पान लावलं. नवरी अडखळली आणि मागून दबक्या, घाईच्या आवाजात पुढचे चार शब्द आले. उर्वशीने पदर तोंडाला लावला. आम्ही तेराही ढावले ऐकले.

शेवटी तिने स्वतःच्या लग्नातला मागितला. तो या तेरांत नव्हता. देवीलालने शोधून लावला. आवाज लख्ख, नवरी एकटी. गाता गाता ती पाच जागी थांबत होती, आणि त्या पाचही जागा मुक्या होत्या.

सगळ्यांत उत्तम म्हणून देवीलालने एवढा एकच साफ केला होता. मागचा आवाज पुसला, रकान्यातला दोष काढला आणि मूळ फाइल जागा खाते म्हणून उडवली. हे सांगताना तो लॅपटॉपकडेच बघत होता. माझा राग कधीच गेला होता, आता दोघांसाठीही वाईट वाटत होतं.

उर्वशीने तो पुन्हा लावायला लावला. पाचही थांब्यांना तिचे ओठ हलले.

देवीलालने मग 'सांगणारी' असा नवा रकाना जोडला आणि तेरा पानांवर बिजलीबाई लिहिलं. उर्वशीच्या पानावर आला आणि त्याची बोटं थांबली. इथे तर ती ऐकूच येत नाही, असं तो पुटपुटला.

"लिवा, काका," उर्वशी म्हणाली. "थे नसती तं मले पुढचं आलं असतं का?"