डहाणू, अलिबाग की रत्नागिरी

मोखाड्याच्या दवाखान्यात आम्ही दोघी नर्स. एकाच क्वार्टरमध्ये बावीस वर्षं काढली. दोघींनाही मागेपुढे कोणी नाही. लसी द्यायला सूर्यमाळच्या पाड्यांवर निघालो की वाटेत एकच विषय असे: निवृत्त झाल्यावर समुद्राकाठी कुठे राहायचं? तिला रत्नागिरी हवी होती. मी प्रत्येक गावात खोट काढायचे. डहाणू जवळ, पण घामाच्या धारा लागतात. अलिबागला शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड. रत्नागिरी फारच लांब. ‘बघू पुढच्या वर्षी,’ म्हणून मी विषय मिटवायचे.

निवृत्तीनंतर ती एकटीच रत्नागिरीला गेली. मला राग आला. तरी दिवाळीनंतर आठ दिवस राहायचं ठरवून तिच्याकडे गेले.

सकाळी बघते तर ही बया नळ सोडून भांडी घासतेय! मोखाड्याच्या पाणीटंचाईत, मे महिन्यात भाजी धुतलेल्या पाण्याने ओटा पुसणारी ती हीच. मी उठून नळ बंद केला. तिने हसून पुन्हा सोडला. मला त्या नळाचासुद्धा हेवा वाटला.

पण खरी आग लागली ती संध्याकाळी. शेजारची एक बाई तिला फिरायला न्यायला आली. किनाऱ्यावर त्या दोघी पुढे, मी मागे चपलेतली वाळू झटकत. पाड्यावरच्या कोंबडीने आमचा लसीचा डबा कसा उलटवला, ते ती सांगत होती. बाईला ते आधीच पाठ होतं. शेवट तिनेच सांगितला! तो प्रसंग आमचा होता, दोघींचा. त्या बाईला समुद्रात ढकलावंसं वाटलं मला.

चौथ्या दिवशी मी पिशवी भरली. “हवा दमट आहे गं इथली. गुडघे धरले माझे.”

ती स्टँडवर सोडायला आली. “सरळ सांग ना, तिचा राग आला म्हणून.”

“आलाच. माझी जागा घेतली तिने.”

“घेतली खरी,” ती शांतपणे म्हणाली. “दोन घरं लागून होती. एक मी तुझ्यासाठी अडवून ठेवलं होतं. फोन केला, तर तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बघू. मालक तरी किती थांबेल? त्याने ते हिला दिलं.”

गाडी लागली होती. माझा पाय पायरीवरच राहिला.

“आतून कसं आहे?” मी विचारलं.

“माझ्यासारखंच. मध्ये एकच भिंत आहे.”