भिवराबाईची बोरमाळ

पूर्णेच्या रेल्वे चाळीतल्या भिवराबाईला माहेरी, झरीला, लग्नकार्यात मान लय. सारी करामत गळ्यातल्या बोरमाळेची. ती माळ शेजारच्या कमलबाईची, हे मात्र झरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न निघालं की भिवराबाई कमलबाईच्या दारात हजर, उरकलं की माळ परत. तेरा वर्षं असं बिनबोभाट चाललं होतं.

पंच्याऐंशी साली सुमनबाई नावाच्या शेजारणीनं तिला चर्चमध्ये नेलं. पास्टरांनी नाव विचारलं.

"रेल्वेतल्या खलाशाची बायकू," भिवराबाई सवयीनं म्हणाली.

"ते झालं मालकांचं. देवानं तुम्हाला हाक मारायची तर काय म्हणून मारावी?"

बाई गडबडली. पदराचं टोक चघळत म्हणाली, "भिवरा."

पास्टरांनी सगळ्यांसमोर त्याच नावानं प्रार्थना केली. येशूला ही बाई आहे तशी हवी आहे, म्हणाले. लग्नानंतर आपलं नाव एवढ्या इज्जतीनं कुणी घेतलेलं तिला आठवेना. मग तिचा एकही रविवार चुकला नाही. वर्षभरानं तिनं बाप्तिस्मा घेतला. नवरा दत्तराव म्हणाला, "भाकर टायमावर मिळायली ना? मग जा खुशाल."

तेवढ्यात भाचीचं लग्न निघालं आणि बाईचे पाय आपसूक कमलबाईच्या दाराकडं वळले. दाराला कुलूप!

"देवा, आजच परीक्षा घ्यायची व्हती का?" असं पुटपुटत ती मोकळ्या गळ्यानं झरीला गेली.

मांडवात पाऊल टाकलं तर समोर साक्षात कमलबाई! नवरदेवाची लांबची मावशी निघाली ती. गळ्यात बोरमाळ.

भावजय पार्वतीबाईची नजर दोघींच्या गळ्यावरून फिरली. "अगं बाई! वन्सं, तुमची माळ तुमी यान्ला घालायला दिली? केवढं मोठं मन!"

सगळा मांडव बघायला लागला. कमलबाई भिवराबाईकडं बघून गप्पच राहिली. भली बाई. भिवराबाईनं नुसती मान हलवली असती तरी तिची अब्रू शाबूत राहत होती.

भिवराबाईचे कान तापले. मनातल्या मनात येशूचं नाव घेतलं आणि ती म्हणाली, "न्हाई वैनी. माळ त्यांचीच हाय. तेरा वर्सं मीच मागून घालायले. आता न्हाई मागणार. देवाला मी अशीच चालते."

मग कोपऱ्यातली सरजाबाई म्हातारी कानाला हात लावून म्हणाली, "माझ्या कुड्याबी सुनंच्या हायत बाई." आणि बायकांत असा हशा पिकला की वाजंत्र्याचा ताल चुकला.

दर लग्नात भिवराबाईला मिळणारी मानाची साडी त्या दिवशी धाकट्या बहिणीला गेली. हिरवीगार, जरीकाठाची. भिवराबाईनं तिच्याकडं दोनदा वळून बघितलं, खोटं कशाला सांगा. पण पंगतीत ती कमलबाईला खेटून बसली, बुंदी तीनदा मागून घेतली, आणि गळ्यातलं काही पत्रावळीत पडंल ही धास्ती नसल्यानं पहिल्यांदाच पोटभर जेवली.